काळी पाचवरचा डिंक

श्रावण अर्धा सरला आणि आमच्या गल्लीत टँकर आला. श्रावणात टँकर! बायका घागरी-बादल्या घेऊन रांगेत, आणि आभाळ कुणी फडक्यानं पुसून घेतल्यासारखं कोरडं. पावसानं अशी ओढ दिली की माझी पेटी बिघडते. लाकूड वाळतं, भात्यातून हवा निसटते आणि सूर दम्याच्या माणसासारखे यायला लागतात. म्हणून परवा ती रिक्षात घातली आणि नांदेडच्या जुन्या बाजारात दुरुस्तीला नेली.

दुरुस्तीवाले चाचा माझ्याच वयाचे. त्यांनी झाकण काढलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि एका काळ्या पट्टीवर थांबले. “बाई, काळी पाचवर हे काय चिकटून राहिलंय? जुना डिंक दिसतोय. घासून काढतो दोन मिनिटांत.”

“हात लावू नका त्याला!”

इतक्या जोरात ओरडले की समोरचा भांडीवाला उठून बघायला लागला. चाचा बिचारे म्हणाले, “न्हाई लावत, बाई. भांडता कामून?”

मी काय सांगणार त्यांना? त्या डिंकाशी माझं चाळीस वर्षांचं भांडण आहे. घरात कुणाला ठाऊक नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, नवऱ्यालाही त्याच्या हयातीत कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात माझं काही चांगलंच नव्हतं.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ पडला होता. दोन्ही गोष्टी एकदमच आल्या, म्हणून माझ्या डोक्यात त्या अजून एकत्रच आहेत. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, तर रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसचं उद्घाटन व्हायला लागलं. जागा मिळेल तिथं कचेरी. एक कचेरी तर पिठाच्या गिरणीच्या माडीवर उघडली. साहेबांच्या फायलींवर ज्वारीचं पीठ बसायचं. नळाला चार दिवसाआड पाणी, पण उद्घाटनाला मांडव, हार, नारळ सगळं असायचं. आणि उद्घाटन म्हटलं की स्वागतगीत आलं, स्वागतगीत म्हटलं की पोरी आल्या. त्या पोरी म्हणजे आम्ही तिघी.

मी मंगल, भोकरची. पेटी माझी. सुमेधा अर्धापूरची, ढोलकीवर. भीमजयंतीच्या गाण्यांना वडिलांच्या मांडीवर बसून ती ढोलकी शिकली होती, आणि तिची थाप अशी की साहेबांचे कप बशीत नाचायचे. तिसरी नसीम. नांदेडच्या बांगडीवाल्यांची पोर. ती गायची. तिघी लातुरात डी.एड.ला एका वर्गात, गाण्याच्या परीक्षाही सोबतच देत होतो. आमच्या सरांनी एकच स्वागतगीत रचलं होतं, त्यात पाहुण्याच्या नावापुरती जागा मोकळी. गुरांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला आम्ही आदल्या दिवशीच्या पाहुण्याचं नाव गायलो. एकदा नाही, प्रत्येक धृपदाला. पाहुणे शांतपणे ऐकून घेऊन भाषणात म्हणाले, “माझं नाव ते नाही, पण चाल चांगली आहे.” सुमेधा हसून हसून ढोलकीवर आडवी झाली.

आता राहायचं कुठं हा प्रश्न होता. सगळ्या मराठवाड्यातून बदल्या होऊन माणसं लातुरात येत होती, खोली म्हणून मिळेना. त्यात तीन तरण्या पोरी, आणि वर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या! एका घरमालकानं शेवटी अट घातली. पुढच्या खोलीत सरकारी दवाखान्याच्या सिस्टर राहायला येणार आहेत, त्या तुमच्यावर लक्ष ठेवणार असतील तर मागच्या दोन खोल्या घ्या. आम्ही मनात म्हटलं, दिवसभर ड्यूटीवर असणारी बाई, ती काय लक्ष ठेवणार?

काय लक्ष ठेवणार! एक ट्रंक, एक स्टोव्ह, तांब्याचा हंडा आणि पांढऱ्या साडीला पिनेनं लटकवलेलं घड्याळ घेऊन ती आली. उदगीरकडची, पन्नाशीला टेकलेली, मूल ना बाळ. नवरा कधीच वारलेला. दारातच आम्हाला तिघींना रांगेत उभं केलं. “मला मावशी-बिवशी म्हणू नका. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. अव्वा म्हणायचं. चला, जीभ दाखवा.”

आम्ही दाखवली. नाही म्हणायची सोयच नव्हती त्या आवाजात.

त्या दिवसापासून रोज सकाळी जिभेची तपासणी. लोणचं बंद, गारेगार बंद, चिंचा बंद. केसांत उवा आहेत का ते रविवारी बघणार. कॉलेजात उशीर झाला तर ही बाई थेट प्राचार्यांना जाऊन सांगणार, “पोरीचं पोट बिघडलं व्हतं, मी थांबवून घेतली, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला म्हणा.” सुमेधा वैतागून म्हणायची, “अगं माझी सख्खी माय अर्धापुरात केळीच्या बागेत सुखात बसलीय, अन् ही कोण नवी?” पण जीभ तीही दाखवायची.

मला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली. कारण सांगते. आमच्या घरात पाच पोरी, मी चौथी. आईला मला हाक मारायची असली की आधी तिघींची नावं घ्यायची. “शांता, कांता, विमल… अगं ती, मंगल!” मी कायम ‘अगं ती’च्या पुढची. आईचा दोष नाही, तिला दम घ्यायला फुरसत नव्हती. आणि इथं ही बाई आली, रांगेतल्या तिघींमधून नेमका माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ही पोर तापलीय की! हिची आई काय करून राहिलीय?” खरंच ताप होता. मला स्वतःला कळला नव्हता.

पाच दिवस मी पडून होते. पाचही दिवस अव्वा दुपारी दवाखान्यातून भर उन्हात धावत येऊन माझा ताप बघून परत जायची. कपाळावर ओली घडी, तांदळाची पेज, वाटीत मोसंबीचा रस. ‘मंगे, आऽ कर.’ पाच दिवस मी कुणाच्या तरी लेखी पहिली होते. कुठलंही नाव मध्ये न घेता थेट मंगे.

सहाव्या दिवशी नसीम गायली.

तोपर्यंत माझ्या तापामुळे रियाज बंद होता. त्या संध्याकाळी मी पेटी काढली आणि नसीमनं आवाज लावला. पुढच्या खोलीत अव्वा तांदूळ निवडत होती. ती सूप हातात तसंच घेऊन आमच्या दारात येऊन उभी राहिली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, “काय गं हे? कुठं दडवून ठिवली व्हतीस?” आणि डोळे पदरानं पुसले. मी वाट बघत बसले, आता पेटीबद्दल काहीतरी बोलेल. ती तांदूळ निवडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुरई आली. कुंभारवाड्यातून आणलेली, लांब मानेची, तांबडी. ते दुष्काळाचे दिवस होते. पाणी अव्वाच्या ताब्यात असायचं. अंघोळीला मोजून दोन तांबे, एक डोक्यावर, एक अंगावर. भांड्याचं पाणी पुदिन्याला. प्यायला आम्हाला साधा माठ. आणि सुरई फक्त नसीमची. त्यातलं पाणी उकळलेलं, गाळलेलं, ज्येष्ठमधाची काडी टाकलेलं. “गळ्याचं पाणी हाय ते,” अव्वा म्हणायची, “तुम्ही हात लावायचा न्हाई.” सुरईच्या तोंडावर तिनं पट्टीच्या कापडाची गाठ मारली होती. मी येता-जाता ती गाठ बघायची. माठातलं पाणी काही वाईट नव्हतं. पण मला ते गोड लागेना.

हेव्याबद्दल लोक काय काय बोलतात. मला विचाराल तर ती पोटदुखी असते. दुसऱ्याला दिसत नाही, कुणाला सांगायला जावं तर लाज वाटते, आणि ज्याचा हेवा वाटतो तो माणूस जवळ येऊन बसला की आणखी वाढते. नसीम वाईट असती तर किती बरं झालं असतं! पण ती सुरईतलं पाणी गुपचूप माझ्या भांड्यात ओतायची. “ले मंगल, पी. अव्वा ड्यूटीवर हाय.” मी म्हणायची, “नको, तुझ्या गळ्याचं आहे ते.” असं म्हणताना आवाजात जेवढं विष घालता येईल तेवढं घालायची. तिला कळायचं की नाही कोण जाणे. ती हसायची आणि स्वतः प्यायची.

रोज्याचा महिना त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात आला. अव्वानं आम्हा दोघींना ताकीदच दिली, पाणी दाराआड जाऊन प्यायचं, नसीमच्या समोर नाही. सूर्य मावळायच्या वेळी ती उंबऱ्यात उभी राहून छातीवरचं घड्याळ उलटं धरून मिनिटं बघायची, आणि अजान झाली की सुरई घेऊन पळत आत यायची. म्हणायची, “पी माय, पी. सावकाश.” ती ‘माय’ म्हणायची नसीमला. मला वाटायचं, आपणही धरावेत का रोजे? विचारून टाकलं एकदा. अव्वा म्हणाली, “तुला कामून? तू गप भाकर खा.”

कार्यक्रमात तर कहरच. एका उद्घाटनाला पाहुणे तीन तास उशिरा. आम्ही मांडवात उपाशी. अव्वा नेहमीप्रमाणे मंचाच्या कडेला पडद्याशी थर्मास घेऊन उभी होती. शेवटी ती सरळ मंचावर आली, डबा उघडला आणि दहीभात कालवून सगळ्या गावासमोर आम्हाला भरवायला लागली. आधी नसीम, मग सुमेधा, मग मी. तेवढ्यात जीप आली. साहेब मंचावर चढले तर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. “थांबा जरा. पोरीच्या तोंडात घास हाय.” साहेब थांबले! लोक हसले, मीही हसले असेन. पण माझ्या लक्षात काय राहिलं? माझा घास तिसरा होता, आणि माझी पाळी येईपर्यंत भात संपत आला होता.

आता पट्टीचं सांगते, म्हणजे डिंकाचं कळेल. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांना नंबर असतात. ज्याचा आवाज जिथं आरामात बसतो ती त्याची पट्टी. नसीमची काळी चार. तिथून ती वर कुठंही हिंडून यायची. पण त्याच्या पुढची काळी, म्हणजे काळी पाच, धरली की सगळं गाणं वर सरकतं, आणि अंतऱ्यात जिथं आवाज आधीच टोकाला जातो तिथं तो फाटायची भीती. गाणाऱ्याला पट्टी देतो पेटीवाला. गाणारा त्याच्या भरवशावर तोंड उघडतो.

एकदा संध्याकाळी रियाजाच्या वेळी वीज गेली. अंधारात माझं बोट चुकलं, काळी पाचवर पडलं. अगदी देवाशपथ, तेव्हा चुकूनच. नसीम अंतऱ्यात गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. अव्वा कंदील घेऊन आली, काय झालं ते विचारलं, आणि परत गेली. आली ती दवाखान्यातली चिकटपट्टी आणि कात्री घेऊन. जखमेवर लावतात ती, पांढरी. बोटभर तुकडा कापला आणि माझ्या पेटीच्या काळी चारवर दाबून बसवला.

“आता दिवे गेले तरी चुकणार न्हाईस. पोरीचा गळा हाय मंगे, गिरणीचा पट्टा न्हाई.”

माझी पेटी! वडिलांनी बैल विकला त्या वर्षी आजोबांच्या हट्टानं घेतलेली. तिच्यावर दुसऱ्याच्या गळ्यासाठी मलमपट्टी. सुमेधा म्हणाली, “बघ, पेटीला लागलंय वाटतं.” त्या दोघी हसल्या. मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडले, आणि तेही तांब्याभर पाण्यातच, कारण दुसरा तांब्या मिळणार नव्हता.

जूनमध्ये आमची डी.एड. संपली. पाऊस नव्हताच. नसीमच्या अब्बांचं पत्र आलं. शिक्षण झालं, आता घरी ये. लातुरात नोकरी लागत असेल तर राहा, नाहीतर श्रावणानंतर तुझं लग्न ठरवतो. नसीमनं पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि उशीखाली घातलं. “मला गायचंय गं,” एवढंच म्हणाली. तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि नोकरी होती! मुलींची एक नवी शाळा निघत होती, तिथं संगीत शिकवायला एक बाई हवी होती. संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनी नसीमला एका उद्घाटनात ऐकलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, आमच्या इमारतीच्या समारंभात स्वागतगीत तुम्हीच गा, त्या मुलीला नीट ऐकायचंय. अव्वानं आठ दिवस आधी घराचं रणांगण केलं. नसीमनं बोलायचं नाही, खुणा करायच्या. सुरई दोनदा धुवून निघाली. सुमेधाला ढोलकी हळू वाजव म्हणून दम मिळाला. मला काय? मला सांगितलं, “मंगे, पेटी पुसून ठिव.”

समारंभाच्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारख्या रांगेत उभ्या राहिलो. त्या दिवशी मी पहिली होते. मुद्दाम लवकर उठून पहिली उभी राहिले होते. मी जीभ बाहेर काढली. अव्वा आली, माझ्या समोर थांबली, आणि नसीमकडं नजर गेली तशी म्हणाली, “थांब गं तू जरा. आधी हिची बघू दे.” आणि गेली. नसीमची जीभ, नसीमचा घसा, चमचा घालून, उजेडाकडे तोंड करून. मग गरम पाणी. मग ती स्टोव्हवर काहीतरी उतू गेलं म्हणून तिकडं धावली.

मी जीभ बाहेर काढून उभी. वीस वर्षांची घोडी, भिंतीला टेकून, जीभ बाहेर. सुमेधानं बघितलं आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. तिनं नजर दुसरीकडं वळवली. तेव्हा मी तोंड मिटलं. त्या क्षणाला माझ्यात काय झालं ते मी आजवर हज्जार वेळा आठवून बघितलं आहे. ठरवलं-बिरवलं काही नव्हतं. पण तोंड मिटलं ते मिटलंच.

मांडव भरला होता. अध्यक्षीणबाई समोर, जरीच्या साडीत. नसीम हिरव्या ओढणीत, हात मांडीवर घट्ट. अव्वा मंचाच्या कडेला पडद्याशी, माझ्यापासून चार हातांवर, थर्मास घेऊन. मी भाता उघडला. पांढरी चिकटपट्टी समोर दिसत होती. आंधळ्यालाही दिसली असती. माझं बोट तिच्यावरून पुढं गेलं आणि काळी पाचवर बसलं.

नसीमनं माझ्याकडं बघितलं. पहिल्याच सुराला. ती थांबू शकली असती. ‘पट्टी उतरव’ म्हणून खूण करू शकली असती, गाणारे करतात. तिनं केली नाही. तिनं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. धृपद गेलं. पहिला अंतरा कसाबसा गेला. दुसऱ्यात, पाहुण्यांच्या नावाच्या अगदी पुढं, तिचा आवाज टर्रकन फाटला. कुणीतरी मागं हसलं. तिनं पुढची ओळ अर्धी सोडली, सुमेधानं ढोलकीचा जोर करून झाकून घेतलं, आणि मी? मी बिनचूक वाजवत राहिले. इतकं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं.

घरी आल्यावर अव्वानं पहिला प्रश्न मला विचारला. “मंगे, पट्टी कुठली धरली व्हतीस?”

“काळी चार,” मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यात नसीम बोलली, बसलेल्या आवाजात. “अव्वा, माझंच चुकलं. सकाळी मी गारेगार खाल्लं. चोरून.”

मग जे काही झालं ते गल्लीनं ऐकलं. अव्वा तिला काय काय बोलली! हातातला चमचा फेकला, सुरईकडं बोट दाखवून ओरडली, कानडीत साकू, साकू, बस झालं तुमचं म्हणाली, मग स्वतःच रडली आणि तिला पोटाशी धरलं. आणि मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. खोटं कशाला बोलू आता, त्या शिव्यांचासुद्धा मला हेवा वाटला. इतक्या जिवापाड कुणी मला कधी शिव्या दिल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. अध्यक्षीणबाईंचं म्हणणं, गाणाऱ्या मुलीचा घसा भरवशाचा नाही. मुलींना शिकवायचं तर पेटी पक्की हवी. त्या पेटीवाल्या मुलीला पाठवा.

मी गेले. नाही म्हणता आलं असतं. मी माझी समजूत घातली, मी नाही म्हटलं तर त्या तिसऱ्याच कुणाला तरी ठेवतील, नसीमला थोडंच घेणार आहेत? आणि ती गारेगारचं बोलली म्हणजे तिला वाटलं असेल की माझं बोट चुकलं. ह्या दोन उश्यांवर डोकं ठेवून मी तीस वर्षं त्या शाळेत नोकरी केली, निवृत्त होऊन मुलाकडं नांदेडला येईपर्यंत. मुली चांगल्या तयार केल्या, तेवढं मात्र खरं.

नसीमला न्यायला तिचे अब्बा आले. जाताना त्यांनी आम्हाला हिरव्या बांगड्या भरल्या, स्वतःच्या हातांनी, एकही न फोडता. अव्वा स्टँडपर्यंत गेली. मी पोटात दुखतंय म्हणून घरीच थांबले. खरंच दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत न्यायला पेटी उघडली. काळी चार मोकळी होती. काळी कुळकुळीत, पुसून काढलेली. आणि पांढरी चिकटपट्टी काळी पाचवर लावलेली होती, कडा नीट दाबून, जशी ती जखमेवर लावायची तशी.

बाहेर स्टोव्ह फरफरत होता. “मंगे,” अव्वानं हाक मारली, “ये, जीभ दाखव.” मी गेले. तिनं जीभ बघितली, कपाळाला हात लावला आणि सुरईवरची गाठ सोडून भांडंभर पाणी माझ्या हातात दिलं. “आजपासनं तू पी. शिकवायचं म्हणजे घसा लागतो.”

पट्टीबद्दल एक शब्द नाही बोलली. ना त्या दिवशी, ना नंतर कधी. दोन वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. सुमेधा नोकरीवर निघून गेली, मग आम्ही दोघीच. दोन वर्षं ती मला पहिला घास देत होती, आणि मी पहिली होते, एकटीच होते. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. ज्येष्ठमधाचं पाणी गोड असतं म्हणतात. मला ते कडूच लागलं, पण रोज प्यायले. नको म्हटलं असतं तर ‘कामून’ विचारलं असतं तिनं.

पेटीवरची चिकटपट्टी मी सहा महिन्यांनी काढली. डिंक निघाला नाही. रॉकेलनं पुसला, नखानं खरवडला. नंतर सोडून दिलं.

अव्वा निवृत्त झाली तेव्हा माझं लातुरात घर होतं, वरची खोली रिकामी होती. मी म्हटलं, “अव्वा, माझ्याकडं राहा.” ती म्हणाली, “येते की.” आणि गेली नांदेडला, नसीमकडं! बांगडीच्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, नसीमच्या चार लेकरांत. शेवटपर्यंत तिथंच राहिली. मी भेटायला गेले तर ती नसीमच्या नातींच्या जिभा तपासत बसलेली. ती गेली तेव्हा लोक नसीमला भेटायला येत होते, लेकीला भेटतात तसे. मी एका बाजूला बसले होते. मला कुणी विचारलंही नाही की तुमचं-तिचं काय नातं. तेव्हाही दुखलं. चांगलं दुखलं.

परवा चाचांकडून पेटी घेतली आणि रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगायच्या ऐवजी बांगडीवाल्यांच्या गल्लीचा सांगितला. तोंडातून निघून गेलं म्हणा, किंवा त्या टँकरनं डोकं फिरवलं म्हणा. नसीम दुकानात बसली होती. केस पांढरे, चष्मा नाकावर. पेटी बघून उठलीच. “अगे! अजून हाय ही?” आत नेलं. कोपऱ्यात तिवईवर सुरई होती. तीच नसेल, तशीच दुसरी.

तिनं पेटीचं झाकण उघडलं, पट्ट्यांवरून हात फिरवला आणि डिंकावर थांबली. “ही अव्वाची चिकटपट्टी ना? पण ती तर काळी चारला व्हती.”

“तिनं हलवली,” मी म्हणाले. “नसीम, त्या दिवशी माझं बोट चुकलं नव्हतं.”

तिचं बोट डिंकावरच होतं. बाहेर टँकरच्या रांगेत बायकांचं भांडण चाललेलं ऐकू येत होतं.

“मला सूर कळतो, मंगल,” शेवटी म्हणाली. “अंधारात चुकलेलं बोट वेगळं असतं. ते लगेच मागं येतं. तुझं आलं न्हाई.”

“मग गारेगार कशाला म्हणालीस?”

“खरं सांगितलं असतं तर अव्वानं तुला घराबाहेर काढलं असतं. मी तर जाणारच व्हते. तिच्याजवळ कुणीतरी पाहिजे व्हतं ना.” तिनं चष्मा काढून पुसला. “पण तू सांगशील म्हणून लई वाट बघितली. अव्वानं पण बघितली. लई उशीर केलास गं.”

मला रडू आलं. वय विसरून, हुंदके देऊन. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही. मग सुरईतलं पाणी भांड्यात ओतून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, “पी अन् पट्टी धर. आता आवाज उतरलाय माझा. काळी चार झेपत न्हाई. काळी एक धर.”

मी भाता उघडला. काळी एक धरली. नसीमनं आमचं तेच जुनं स्वागतगीत लावलं, पाहुण्याच्या नावाच्या जागी अव्वाचं नाव घालून. आवाज खाली आला होता, कडा झिजल्या होत्या, पण काय आवाज! दुकानातलं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, तिची नात हातातलं काम टाकून आली. आणि माझ्याकडं? माझ्याकडं कुणी बघेना. साठी उलटून गेली, पण पोटात नेमकं त्याच जागी, तसंच दुखलं. दुसरा अंतरा आला. मी बोट काळी एकवर दाबून धरलं आणि गाणं संपेपर्यंत हलवलं नाही.